रेल-ट्रेलवर अनेक दिवसांचं जॉगिंग: नकाशापासून शेवटच्या फाटकापर्यंत

"वाट सपाट आहे ना, मग काय!" असं म्हणून निघालेले बरेच जण तिसऱ्या दिवशी दुपारी एखाद्या फाटकावर बसून नडगी चोळताना दिसतात. छातीतला दम शाबूत असतो, पाय मात्र संपलेले असतात. मला येणारे प्रश्न पाहिले की असं का होतं ते कळतं. बहुतेक प्रश्न बुटांबद्दल असतात, थोडे खाण्याबद्दल. पाणी नेमकं कुठे मिळतं हे क्वचित कोणी विचारतं आणि मधेच सोडायची वेळ आली तर बाहेर कुठून पडायचं, हे तर कोणीच विचारत नाही. तयारीचा क्रमच उलटा झालेला असतो.

रूळ उखडल्यावर उरलेला लोहमार्ग म्हणजे रेल-ट्रेल. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, सखल भागात भराव घातले आणि चढ शंभर मीटरला एक-दोन मीटर एवढाच राखला. धावणाऱ्याच्या वाट्याला त्यातून तीन गोष्टी येतात. पाऊल तासन्‌तास एकाच कोनात पडतं, त्यामुळे तेच ते स्नायू आणि तीच ती हाडं मार खातात. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण वीस-तीस किलोमीटर संपतही नाही. आणि वाट शेतांतून, नदीकाठानं, घळींतून जात असल्यामुळे मदत हाकेच्या अंतरावर नसते. खालचे सगळे टप्पे याच तीन गोष्टींचा बंदोबस्त करण्यासाठी आहेत.

सलग १८–२० किलोमीटर गप्पा मारत जॉगिंग करू शकणाऱ्या आणि १०० ते २५० किलोमीटरचा ट्रेल चार ते आठ दिवसांत पार करू पाहणाऱ्या माणसासाठी हे लिहिलं आहे. एका दमात, शर्यतीच्या वेगानं काढायचा असेल तर सगळेच हिशेब बदलतात.

टप्पा १: नकाशा आधी, तारीख नंतर

तारीख ठरवून, सुट्टी काढून मग नकाशा उघडणं ही पहिली चूक. ट्रेलचा काही भाग त्या महिन्यात बंद असू शकतो. अमेरिकेतल्या ग्रेट ॲलेगनी पॅसेज या सुमारे २४० किलोमीटरच्या ट्रेलवर बिग सॅव्हेज नावाचा जवळपास एक किलोमीटरचा बोगदा आहे. आत गोठणाऱ्या पाण्यानं अस्तराची नासधूस होऊ नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारं बंद ठेवतात. हे न बघता डिसेंबरचं तिकीट काढलं की सगळी आखणी एका दारापाशी अडकते. वाहून गेलेले पूल, दुरुस्ती, दरड, शिकारीचा हंगाम, पिकं काढायच्या दिवसांतली वाहनं, या गोष्टी ट्रेल सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताज्या सूचनांतच सापडतात. छापील नकाशावर त्या नसतात.

मग एक लांब कागदी पट्टी घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार गोष्टी किलोमीटरनुसार लिहून काढा: बाहेर पडायच्या जागा (गाडी येऊ शकेल असा रस्ता जिथे ट्रेलला छेदतो), खात्रीचं पाणी, मुक्काम आणि सावली नसलेले पट्टे. फोनमध्ये नकाशा असला तरी पट्टी हातानेच करा. हाताने लिहिताना "२३ ते ४१ किलोमीटर, पाणी नाही" अशी ओळ समोर येते आणि पोटात बारीक गोळा येतो. तो आत्ताच आलेला बरा.

अंतर मोजताना मैलाच्या दगडांवर आंधळा विश्वास ठेवू नका. पुष्कळ ट्रेलवर जुन्या लोहमार्गाचेच आकडे कायम ठेवलेले असतात. मिसूरी राज्यातला केटी ट्रेल सुमारे ३८६ किलोमीटरचा आहे, पण त्याच्या पूर्व टोकाचा आकडा शून्य नाही, २७च्या आसपासचा आहे आणि तोही मैलांत. दगडावर ४० दिसलं म्हणजे आपण ४० किलोमीटर आलो, असं समजणारा माणूस पाणी चुकीच्या जागी संपवतो.

शेवटी दिशा. सपाट वाटेला दिशेनं काय फरक पडतो, असं वाटेल. ग्रेट ॲलेगनीवरच कंबरलँड या एका टोकाकडून निघालात तर पहिल्या ३८ किलोमीटरमध्येच सुमारे ५४० मीटर चढून ७२९ मीटर उंचीच्या माथ्यावर पोचावं लागतं. पिट्सबर्ग या दुसऱ्या टोकाकडून निघालात तर तीच उंची २०० किलोमीटरमध्ये हळूहळू गाठायची आणि शेवटचा दिवस उताराचा. न्यूझीलंडच्या १५२ किलोमीटरच्या ओटागो सेंट्रल ट्रेलचं वेगळंच: दोन्ही टोकं सखल, सगळ्यात उंच जागा ६१८ मीटरवर आणि तीही मधल्या भागात. तिथे कुठूनही निघा, आधी चढ आणि मग उतार. म्हणून एकूण चढाचा आकडा बघून थांबू नका, तो चढ कोणत्या दिवशी येतो ते बघा. माझं मत विचाराल तर लांब, लपलेला चढ दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी यावा. पहिल्या दिवशी उत्साहात माणूस तो पळत काढतो आणि शेवटच्या दिवशी त्याच्यासाठी पाय उरलेले नसतात. वाऱ्याची नेहमीची दिशाही पाहून ठेवा. उघड्या भरावावर समोरचा वारा चढापेक्षा जास्त छळतो.

तपासा: पट्टीवर कुठेही बोट ठेवलं तर सगळ्यात जवळची बाहेर पडायची जागा पुढे आहे की मागे आणि किती दूर, हे दहा सेकंदांत सांगता येतं का? येत नसेल तर पुढच्या टप्प्याकडे वळू नका.

टप्पा २: दिवसांची विभागणी

१५० भागिले ५ म्हणजे रोज ३०, असा भागाकार करून कोणी निघालं की मी मनातल्या मनात तिसऱ्या दिवसाची वाट बघते. शरीर समान हप्ते भरत नाही. पहिला दिवस मुद्दाम आखूड ठेवा, सगळ्यात लांब दिवस तिसरा असू द्या आणि त्याच्या लगेच नंतर अर्धा दिवस घ्या. १५० किलोमीटरसाठी मी अशी मांडणी करते: २२, २८, ३२, १४, २८, २६. सहा दिवस होतात. पाचच हवे असतील तर कमी लांबीचा ट्रेल किंवा ट्रेलचा तुकडा निवडा. चौथ्या दिवसाचे १४ किलोमीटर वगळून दिवस वाचवायचा मोह जवळपास प्रत्येकाला होतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

वेळेचा हिशेब जॉगिंगच्या वेगावर करू नका. समजा तुम्ही किलोमीटरला ७ मिनिटं या वेगानं २५ मिनिटं जॉगिंग आणि मग ५ मिनिटं चाल असं चक्र ठेवलं, तर अर्ध्या तासात सुमारे ४ किलोमीटर होतात. ३० किलोमीटरला पावणेचार तास लागतात. त्यात पाणी भरणं, फाटकं उघडणं-लावणं, बुटातला खडा काढणं, चुकून भलत्याच शेतरस्त्याला लागणं हे धरलं की पाच तास. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी मुक्काम गाठता येईल अशी निघायची वेळ ठरवा. काही ट्रेल अंधार पडल्यावर वापरायला परवानगीच नसते. केटी ट्रेल सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच खुला असतो.

इशारा: परतीच्या गाडीची वेळ ठरवून शेवटच्या दिवसाचं अंतर वाढवू नका. दुखापती शेवटच्या दिवशी घाईतच होतात.

टप्पा ३: बारा आठवडे पायांसाठी

चढउताराच्या रस्त्यावर सराव करणाऱ्यांना सपाट वाट सोपी वाटते. उलट आहे. चढावर पोटरी आणि पुठ्ठे राबतात, उतारावर मांडीचा पुढचा भाग, आणि या अदलाबदलीत प्रत्येकाला आळीपाळीनं उसंत मिळते. सपाटीवर ती उसंत नाही. म्हणून सराव सपाटीवरच हवा, आणि कंटाळवाण्या सपाटीवर. एकच लांब सरळ वाट शोधा. वळणावळणाच्या बागेतल्या फेऱ्या चालणार नाहीत.

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार वेळा धावा, त्यातली एक धाव लांब: १६ किलोमीटरपासून २२पर्यंत. सगळं इतकं सावकाश, की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यावं. चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करा. पाचव्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत खरं काम: लागोपाठ दोन दिवस लांब धावणं. २२ आणि १६ पासून सुरू करून २८ आणि २२ पर्यंत. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तीन किलोमीटरमध्ये जे लाकडी पाय जाणवतात, त्यांच्याशी ओळख करून घेणं हाच या सरावाचा हेतू. दर चौथ्या आठवड्यात सैल सोडायला विसरू नका. दहाव्या आठवड्यात तीन दिवसांची रंगीत तालीम: २०, २४, १८, तेही ट्रेलवर नेणार त्याच पाठपिशवीसह, तेच बूट, तेच मोजे. शेवटचे दोन आठवडे फक्त हलकं धावणं. त्या दोन आठवड्यांत "थोडं कमी पडतंय" असं वाटून केलेली एक लांब धाव काहीच कमावून देत नाही, पण बरंच घालवू शकते.

धावण्याबरोबर दोन व्यायाम टाळू नका. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, पंधराचे तीन फेरे: एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, आणि खाली येताना अगदी हळू. दुसरा, भिंतीला पाठ टेकून, टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलणं. नडगीचे स्नायू यानेच तयार होतात आणि रेल-ट्रेलवर पहिली बोंब तिथूनच येते.

आणि चालण्याचा सराव करा. हे वाचून लोक हसतात. पण २५ मिनिटांनंतर ५ मिनिटं झपाझप चालायचं तर त्यालाही पाय लागतात. सरावात कधीच न चाललेला माणूस ट्रेलवर चालायची वेळ आली की ती हार समजतो, चाल टाळतो आणि मग सक्तीनं चालतो.

तपासा: रंगीत तालीम संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर दहा हलक्या उड्या मारून पाहा. नडगीत किंवा पावलात एका बोटानं दाखवता येईल अशा जागी कळ आली, तर मोहीम पुढे ढकला.

टप्पा ४: बूट, मोजे, पाठपिशवी

ट्रेल हा शब्द ऐकून डोंगरी, खोल खाचांचे बूट घेऊ नका. बहुतेक रेल-ट्रेलची पाठ दाबलेल्या चुनखडीच्या चुरीची, बारीक खडीची किंवा डांबराची असते. जाड, मऊ तळाचे रस्त्याचे बूट त्यावर चांगले. जिथे जुनी जाड खडी अजून तशीच आहे अशा पट्ट्यांचं प्रमाण जास्त असेल, तरच थोडा कडक तळ घ्या. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत पावलं सुजतात. बूट नवेकोरे नकोत आणि झिजलेलेही नकोत. शंभर-दीडशे किलोमीटर वापरलेले उत्तम.

चुनखडीची चुरी ओली झाली की पिठासारखी चिकटते आणि वाळली की बुटात शिरते. घोट्यावर चढवायची पातळ कापडी पट्टी, म्हणजे गेटर, हा लहानसा खर्च वसूल होतो. मोजे कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे घ्या. सुती मोजा घाम धरून ठेवतो, आणि ओली त्वचा घासली की फोड ठरलेला.

पाठपिशवी पाणी धरून ४ किलोच्या आत बसवा. छातीवर दोन पट्टे असलेली, धावताना न उडणारी. आत काय: वाऱ्या-पावसाचं पातळ जाकीट, कोरडे मोजे, चिकटपट्टी, सुई, घासू नये म्हणून लावायचं मलम, शिट्टी, चार्ज साठवणारी बॅटरी, कागदी पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणि डोक्यावर बांधायचा दिवा. बोगदा नसला तरी दिवा न्यावा. मुक्कामाचं सामान पुढच्या ठिकाणी पोचवणारी सोय ट्रेलवर असेल तर बिनदिक्कत घ्या. सगळं पाठीवर नेण्यात मर्दुमकी आहे असं समजणारे लोक असतात, त्यांचे गुडघे त्यांच्याशी सहमत नसतात.

टप्पा ५: पाणी, मीठ, खाणं

आधी आपला घाम मोजा. ट्रेलवर अपेक्षित आहे तशा हवेत तासभर जॉगिंग करा, आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा. वजन ८०० ग्रॅमनं उतरलं आणि मधे ३०० मिली प्यायलात, तर घाम सुमारे १.१ लिटर. हा आकडा म्हणजे दर तासाला एवढं प्यायलाच हवं असा हुकूम नाही, तो फक्त वरची मर्यादा सांगतो. प्यायचं तहानेनुसार. तहान नसताना भीतीपोटी लिटरच्या लिटर रिचवणं हे कमी पिण्याइतकंच घातक ठरू शकतं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळतो. आणि लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाजतात.

पाणी नेण्याचा नियम सोपा आहे. पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंत लागेल तेवढं, वर अर्धा लिटर. खात्रीचं म्हणजे ताज्या सूचनांत लिहिलेलं किंवा फोन करून विचारलेलं. एका ट्रेलवर नकाशात दाखवलेला नळ मला अगदी त्याच जागी सापडला, फक्त त्याची तोटी काढून नेलेली होती. पुढचे अकरा किलोमीटर मी त्या अर्ध्या लिटरवर काढले. ओढ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी आजूबाजूला शेतं आणि गुरं असतात, त्यामुळे गाळून जंतू मारल्याशिवाय ते पिऊ नका. आणि गाळणी शेतातल्या फवारणीचं विष काढत नाही, हेही लक्षात असू द्या.

खाणं पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, दर २५–३० मिनिटांनी थोडी थोडी. चालीची पाच मिनिटं हीच खायची वेळ, त्यासाठी वेगळं घड्याळ लागत नाही. तीन तासांपलीकडे नुसतं गोड तोंडात फिरायला लागतं, म्हणून काहीतरी खारट जवळ ठेवा. सरावात न खाल्लेली कोणतीही गोष्ट ट्रेलवर पहिल्यांदा खाऊ नका.

इशारा: धावताना दुखणं दाबायला सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि ज्या दुखण्यानं तुम्हाला थांबवायला हवं होतं तेच झाकून टाकतात.

टप्पा ६: निघायची सकाळ

क्रम चुकला की वेळ जातो, म्हणून तो एकदा ठरवून टाका. उठल्यावर आधी खाणं, मग दोन तास मोकळे. पायाला मलम आणि चिकटपट्टी, मग मोजे, मग बूट. बाटल्या भरल्यावर पट्टीवर आजचा भाग दुमडून वर काढा. ट्रेलवर नसलेल्या एका माणसाला तीन गोष्टी कळवा: कुठून निघालो, कुठे पोचणार, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल करायची. "पोचलो की कळवतो" हे पुरेसं नाही. वेळेचा आकडा हवा. घळींत आणि कापलेल्या खिंडींत फोनला रेंज नसणं हे रोजचंच आहे.

टप्पा ७: पहिले दहा किलोमीटर

सगळ्यात जास्त मोहिमा इथे बिघडतात आणि बिघडल्याचं कळतं वीस किलोमीटर पुढे. सकाळची हवा, मऊ वाट, समोर रेघेसारखा सरळ रस्ता. पाय आपोआप वेग घेतात. पहिले दहा किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला अर्धा मिनिट सावकाश काढा. पहिली चाल २५व्या मिनिटाला घ्यायचीच, गरज वाटो न वाटो. तेव्हा शेजारून कोणी सायकलवाला "दमलात का?" म्हणेल. हसून हो म्हणा.

घड्याळातल्या वेगावर मात्र फार विसंबू नका. टक्का-दीड टक्का चढ डोळ्यांना सपाटच दिसतो, कधी कधी तर उतार वाटतो. तुम्ही त्याच वेगाला चिकटून राहता आणि धाप कळत नकळत वाढत जाते. एक टक्क्याचा चढ ३० किलोमीटर टिकला तर ३०० मीटर उंची होते, ती फुकटात मिळत नाही. म्हणून वेग नाही, श्वास सारखा ठेवा. शेजारच्या ओढ्याकडे बघा. पाणी तुमच्याकडे येत असेल तर तुम्ही चढताय.

तपासा: दहाव्या किलोमीटरला एक मोठं वाक्य मोठ्यानं बोला. मधे श्वास घ्यावा लागला तर पुढचं चक्र २० मिनिटं जॉगिंग, ५ मिनिटं चाल असं करा.

टप्पा ८: मधला लांबलचक पट्टा

वाट तुम्हाला बदल देत नाही, तो तुम्हीच घालायचा. दर चक्राला एक गोष्ट बदला: एका चक्रात पावलं आखूड आणि जलद, दुसऱ्यात नेहमीची, चालताना कधी टाचेवर भर देऊन लांब पाऊल. पाणी निथळावं म्हणून ट्रेलची पाठ बहुधा मधे उंच आणि कडांना उतरती असते. एकाच कडेनं पाच तास धावलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर व गुडघ्याची बाहेरची बाजू बोलू लागते. गर्दी नसेल तिथे मधून धावा. कडेनं धावावं लागलं तर मोकळ्या पट्ट्यात बाजू बदला. मात्र वळणावर आणि सायकली असतील तिथे त्या ट्रेलच्या नियमाचीच बाजू धरायची. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. मागून येणारी सायकल चुरीवर फारसा आवाज करत नाही. बाजूला व्हायच्या आधी मागे वळून बघायची सवय लावून घ्या, सरळ रेषेत धावणारा माणूस अचानक सरकला की टक्कर होते.

घोडा समोरून आला तर चालायला लागा, स्वाराशी बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे घोड्याला कळतं, आणि ऐसपैस अंतर ठेवून जा. मागून गाठत असाल तर लांबूनच आवाज द्या. गुरं वाटेवर उभी असतील तर पळू नका. वासरू आणि गाय यांच्या मधून तर कधीच नाही. फाटक जसं सापडलं तसंच सोडा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद.

पुलांवरच्या लाकडी फळ्या ओल्या असल्या की साबणासारख्या होतात. तिथे चालावं, आणि फळ्यांच्या फटी वाटेच्या दिशेनं असतील तर पावलाचं टोक अडकणार नाही असं बघावं. ट्रेल जिथे गाडीरस्त्याला छेदतो तिथे पूर्ण थांबा. तासभर एकही वाहन न पाहिलेल्या डोळ्यांना वाहनाचा वेग जोखता येत नाही.

बोगद्यांचं वेगळं सांगायला हवं. ओटागोतल्या पूलबर्न घळीतल्या बोगद्यांत दिवे नाहीत. आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवरचा टाफ्ट बोगदा तर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे, आत भर उन्हाळ्यातही थंडी असते. तोंडाशी थांबा, गॉगल काढा, दिवा लावा, जाकीट चढवा आणि डोळे सरावेपर्यंत मिनिटभर उभे राहा. आत चालायचं. जमीन ओली, कडेला पाण्याची चर, छतातून ठिबकणारं पाणी, आणि समोरून येणाऱ्या सायकलीचा दिवा किती लांब आहे याचा अंदाज लागत नाही. घामेजलेल्या अंगानं आत धावत शिरलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. आत घड्याळाचं उपग्रहावरचं मापही बिघडतं, तेव्हा बाहेर आल्यावर अंतर पट्टीवरून पुन्हा जुळवून घ्या.

टप्पा ९: दुखतंय. पुढे जायचं की थांबायचं?

फोडाची पहिली जळजळ जाणवली की त्याच मिनिटाला थांबा. "पुढच्या फाटकाशी बघू" म्हणाल तर तोवर त्वचा सुटलेली असते. बूट काढा, खडा झटका, जागा कोरडी करा, चिकटपट्टी लावा, मोजा बदला. सहा मिनिटं जातात.

दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, चाललं की कमी होणारं दुखणं हे थकवा आहे. चाल वाढवा आणि पुढे जा. एका पायात, एका बोटाखाली मावणारं, प्रत्येक पावलाबरोबर वाढणारं दुखणं हाडाचं असू शकतं. तिथे जॉगिंग संपलं. टाचेमागची शिर करकरत असेल, म्हणजे हात ठेवल्यावर जुन्या चामड्यासारखी खरखर जाणवत असेल, तरीही संपलं. लंगडून धावू नका, कारण लंगडल्यानं दुसरा पाय जातो. लघवी गडद तपकिरी झाली, डोकं गरगरलं, गर्मीत घाम येणं थांबलं किंवा बोलणं अडखळू लागलं, तर सावलीत बसून लगेच मदत मागवा.

आता पट्टी उपयोगी पडते. जवळची बाहेर पडायची जागा मागे ३ किलोमीटरवर आणि पुढे ९वर असेल तर मागे फिरा. धावणाऱ्याला मागे फिरणं फार जड जातं, म्हणून हा नियम घरी, खुर्चीत बसून ठरवून ठेवावा.

टप्पा १०: संध्याकाळ, आणि दुसरी सकाळ

मुक्कामी पोचल्यावर लगेच आडवं होऊ नका. दहा मिनिटं चाला, अर्ध्या तासात कर्बोदकं आणि प्रथिनं पोटात जाऊ द्या, मग आंघोळ. पावलं धुऊन, कोरडी करून बोटांच्या मधे बघा. फोड पाण्यानं टचटचीत भरला असेल तरच तापवून निर्जंतुक केलेल्या सुईनं कडेला भोक पाडून रिकामा करा आणि वरची कातडी काढू नका. मोजे धुवा, बुटांतले तळवे काढून वाळत ठेवा. उद्याची पट्टी वाचा, पाणी भरून ठेवा.

सकाळी पाय लाकडाचे असणारच. पहिला किलोमीटर निव्वळ चाला, दुसरा अर्धा-अर्धा. त्यानंतरही सकाळचं दुखणं वितळलं नाही, उलट तीक्ष्ण झालं, तर त्या दिवशी चालत जा किंवा वाहनानं पुढचा मुक्काम गाठा. एक दिवस वगळून उरलेला ट्रेल पुरा केलेले लोक मला माहीत आहेत. तो एक दिवस रेटून उरलेले सगळे गमावलेलेही.

शेवटच्या दिवशी शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये वेग वाढवू नका, चालीचं चक्रही मोडू नका. आणि परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. सहा दिवस धावलेले पाय चार-सहा तास सीटवर दुमडून ठेवले की सुजतात, आखडतात, उतरताना पायरीही उतरवत नाही. एक रात्र टोकाच्या गावात काढा, सकाळी वीस मिनिटं रमतगमत चाला, मग गाडीत बसा आणि तासातासाला उठून उभे राहा.